एकशे त्र्याण्णव कोणाचे?

१

बारकीचा नुकता डोळा लागला होता आणि दाराची कडी वाजली. पाळण्याची दोरी हातातून न सोडता मी पायानेच दार ढकललं. दारात संगिता. उन्हातून चालत आलेली, ओढणीचं टोक दातांत धरलेली.

"मॅडम, माझे मार्क कोणीतरी खाल्ले."

"हळू बोल. आता झोपलीय."

"हळूच बोलते. पण खाल्ले."

दोन हजार सोळाच्या जूनमधला गुरुवार होता. आमच्या संस्थेची दोन ज्युनिअर कॉलेजं, एक इथे तळासरीत, एक डहाणूला. तळासरीच्या कॉलेजात मी गणित शिकवते. म्हणजे शिकवत होते, बारकी झाल्यापासून बिनपगारी रजेवर आहे. वर्षभरापूर्वी संस्थेने फळप्रक्रियेची पदवी सुरू केली. दोन्ही कॉलेजांतल्या मुलांची एक गुणानुक्रम यादी लागते आणि तिच्यात जो पहिला, त्याला तीन वर्षं फी नाही, वसतिगृह फुकट. जागा एकच.

संगिता धोडीला ती जागा मिळणार, हे आम्ही सगळे धरून चाललो होतो. नाही मिळाली तर काय, तेही ठरलेलं होतं. तिचा बाप रघ्या उंबरगावच्या एका कंपनीच्या माणसाशी बोलून बसला होता. सोमवारी सकाळी सहाला पाड्याच्या तोंडाशी गाडी येणार आणि संगिता डबा घेऊन तिच्यात बसणार.

तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. यादीचा फोटो, थोडा तिरका.

१. चुरी ऋचा हेमंत: २७०.५४
२. धोडी संगिता रघ्या: २७०.३८

"सोळा पैसे," संगिता म्हणाली. "सोळा पैशांनी गेली माझी जागा."

मी एका हाताने दोरी ओढत दुसऱ्या हाताने फोटो मोठा केला. कच्चे मार्क बघितले. रसायन ऐंशी, इंग्रजी सत्तर, क्रॉप सायन्स दोनशेपैकी एकशे अडुसष्ट.

"तुझे मार्क बरोबर आहेत की गं."

"तेच तर! मार्क बरोबर, बेरीज बरोबर, आणि नंबर चुकला. हे कसं?"

आता इथे थोडं गणित आहे, पण घाबरू नका, बाजारातल्या तराजूएवढंच आहे. संगिताचा निवडीचा विषय क्रॉप सायन्स, ऋचाचा गणित. दोन्ही एका पारड्यात कसे घालायचे? म्हणून संस्थेने नियम केला होता. त्या विषयात यंदा संस्थेत सगळ्यांत जास्त ज्याचे मार्क, ते शंभर धरायचे आणि बाकीच्यांचे त्या प्रमाणात खाली. तीन विषय असे तोलायचे आणि बेरीज करायची. कच्च्या मार्कांत दोघी अगदी जुळ्या बहिणी होत्या: प्रत्येक विषय शंभरांत धरला तर दोघींचे तीनशेपैकी दोनशे चौतीस. निवडीच्या विषयातसुद्धा दोघी चौऱ्याऐंशी. फरक पाडणार तो तराजूच.

"निकालाच्या दिवशी रविंद्र सर म्हणाले, तूच पहिली क्रॉप सायन्समध्ये. म्हणजे माझे एकशे अडुसष्ट शंभर झाले पाहिजेत. मी तीनदा मांडलं, मॅडम. दोनशे त्र्याऐंशी पूर्णांक तेहतीस येतात. ऋचाच्या तेरा मार्क वर."

मी यादीच्या तळाशी गेले. तिथे बारीक अक्षरात प्रत्येक विषयातले सर्वोच्च गुण दिले होते. रसायन ऐंशी. इंग्रजी चौऱ्याऐंशी. गणित शहाण्णव.

क्रॉप सायन्स: एकशे त्र्याण्णव.

दोरी माझ्या हातातच राहिली. क्रॉप सायन्स डहाणूला नाहीच, फक्त तळासरीत शिकवतात. वर्गात सात मुलं. त्या सातांत संगिता पहिली, एकशे अडुसष्टवर.

तिच्या मार्कांना कोणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. कोणीतरी तिच्या डोक्यावर छप्पर उंच केलं होतं, म्हणून ती बुटकी दिसत होती.

"शनिवारी चारपर्यंत ऋचा जागा घेतल्याची सही करणार," संगिता म्हणाली. "मग संपलं."

२

शुक्रवारी बारकीला कडेवर घेऊन आशागडला उतरले. संस्थेचं ऑफिस तिथे आहे. मुख्य लिपिक उमेशभाऊ. त्यांच्या टेबलापाशी आधीच एक उंच मुलगा हुज्जत घालत होता.

"सर, मारू नाव... माझं नावच नाही यादीत. पहिला नाही, शेवटचा नाही, कुठेच नाही!"

"मग नसेल बसलं क्रायटेरियात. ए इलेक्ट्रॉनिक्स, जा बाबा. वायर जोड. मॅडम, बोला. अरे वा, छोट्या मॅडम पण!"

मुलगा बाजूला सरला. मी पिशवीत बारकीची बाटली शोधत होते तर त्यानेच तिला घेतलं आणि तीही, चोरटी, त्याच्या घड्याळाशी खेळायला लागली. ऋषभ नाव त्याचं. डहाणूच्या कॉलेजचा. बापाचं किराणा दुकान ऑफिसच्या समोरच, पाटीवरचं पहिलं अक्षर झिजून गेलेलं. नुसतंच "नी किराणा स्टोअर्स" उरलेलं.

"उमेशभाऊ, क्रॉप सायन्सचे एकशे त्र्याण्णव कोणाचे?"

"आता हे कोणी सांगितलं तुम्हाला विचारायला? तुम्ही रजेवर ना?"

"रजा शिकवण्याची आहे. विचारण्याची नाही."

"यादी लागली, मॅडम. लागलेली यादी म्हणजे लागलेलं लग्न. आता नवरी काळी का गोरी, बघून काय करायचंय?"

"दोन्ही कॉलेजांची मार्कांची शीटं दाखवा."

"कॉन्फिडेन्शियल."

"मार्क बोर्डाने जाहीर केलेत आणि शीट कॉन्फिडेन्शियल?"

"तुम्ही गणितवाले ना, असेच. आकडा दिसला की खाजवायला लागता."

अर्धा तास. त्यात त्यांनी दोनदा चहा मागवला, एकदा मला विचारला. बारकी रडली, मी खुर्ची भिंतीकडे फिरवून तिला पदराखाली घेतलं आणि भिंतीकडे तोंड करूनच विचारत राहिले. शेवटी माझ्या पाठीलाच कंटाळले असावेत.

"जानी," ते म्हणाले. "झालं समाधान? जानीचे आहेत एकशे त्र्याण्णव. रिपीटर आहे, म्हणून क्रमवारीत धरली नाही. पण विषयातला सर्वोच्च गुण तो सर्वोच्च गुण. नियमात कुठे लिहिलंय रिपीटरचा धरू नका?"

मी वळले. "कोण जानी? आडनाव काय?"

"अहो, जानी म्हणजे जानी! तुमच्याच तळासरीची, गेल्या वर्षीची. पाड्यावरच्या पोरींना आडनावाने कोण ओळखतं?"

मी ओळखत होते. वरठा जानी. गेल्या वर्षी बारावीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची. हुशार नव्हती, पण चिकट होती. एक उदाहरण चुकलं तर चारदा करायची. पूर्वपरीक्षेला क्रॉप सायन्समध्ये तिला दोनशेपैकी ब्याऐंशी होते. आणि बोर्डाच्या परीक्षेच्या महिनाभर आधी ती कॉलेजात यायची बंद झाली.

"आता कुठे असते ती?"

उमेशभाऊ कप बशीत ठेवत म्हणाले, "चिखल्याला. गोविंदरावांच्या वाडीत कामाला."

गोविंदराव चुरी. संस्थेचे विश्वस्त. ऋचाचे आजोबा.

३

कोणाच्याही मनात जे येईल तेच माझ्याही मनात आलं. खोटं का बोलू? आजोबा विश्वस्त, नातीला जागा हवी आणि सर्वोच्च गुण मिळवणारी मुलगी आजोबांच्याच वाडीत चिकू निवडायला. चिखल्याच्या रिक्षात बसल्या बसल्या मी निकालसुद्धा देऊन टाकला होता.

वाडीत शिरलं की उन्हाचा रंगच बदलतो. गोविंदराव पडवीत सुपारी कातरत बसले होते. मी सगळं सरळच सांगितलं. कातरणं थांबलं.

"म्हणजे मी माझ्या नातीसाठी चोरी केली, असं तू म्हणतेस."

"मी विचारते आहे, काका."

"विचारायला लहान पोर घेऊन आलीस म्हणून पाणी देतो. नाहीतर..." आत वळून ते ओरडले, "ऋचा, पाणी आण! आणि ऐक तुझ्या जागेबद्दल काय म्हणतायत बाई."

ऋचाने पाणी आणलं आणि दाराला टेकून उभी राहिली. चष्मा, केसांची घट्ट वेणी. तिने सगळं ऐकलं आणि माझ्या गणितातच बोट घातलं.

"मॅडम, समजा एकशे त्र्याण्णव खोटे. मग संगिताचे चौऱ्याऐंशी म्हणजे शंभर, आणि माझे चौऱ्याऐंशी म्हणजे साडेसत्त्याऐंशी. का? तर तिच्या विषयात सात मुलं आणि माझ्यात दीडशे, आणि त्यातल्या एकाला शहाण्णव पडले. हे न्यायाचं आहे?"

वर्गात मी असा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला शाबासकी दिली असती.

"नाही," मी म्हटलं. "नियमच लंगडा आहे. पण परीक्षेआधी तो तुम्हा दोघींना सांगितला होता. लंगड्या नियमाने हरणं वेगळं आणि खोट्या आकड्याने हरणं वेगळं."

ऋचा आजोबांना म्हणाली, "आबा, जानी मागे क्रेट भरतेय. हाक मारा ना."

जानी आली ती हात पुसत. चिकूचा चीक बोटांना काळा झालेला. मला बघून एकदम हसली आणि पहिल्यांदा बारकीकडे गेली. "मॅडम, ही तुमची? अगं बाय, किती गोरी! बापावर गेली काय?"

"जानी, तुझं अभिनंदन करायचं का?"

"कशाचं?"

"क्रॉप सायन्समध्ये तुला एकशे त्र्याण्णव मिळालेत. संस्थेत पहिली तू."

ती आधी हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून तिचं हसू विझलं.

"मॅडम, मस्करी करता काय? आई पडली ना गेल्या साली, तिचा पाय मोडला, तवापासून मी इथंच. गेल्या साली फॉर्म भरून बी परीक्षा दिली नाय." तिने हात पुन्हा फडक्याला पुसले. "आन यंदा तर फॉर्मच भरला नाय."

४

फॉर्म न भरलेल्या मुलीला एकशे त्र्याण्णव मार्क.

गोविंदरावांनी सुपारीचा डबा बंद केला. "उमेशला फोन लाव," ते म्हणाले, स्वतःलाच म्हणाल्यासारखं. लावला. उमेशभाऊ म्हणे जव्हारला मीटिंगला गेलेत, उद्या येतील.

मी घरी न जाता थेट कॉलेजच्या प्लॉटवर गेले. क्रॉप सायन्सला नुसती लेखी परीक्षा नसते, प्रात्यक्षिकाचेही मार्क असतात आणि ते प्रात्यक्षिक या एकाच प्लॉटवर, एकाच माणसाच्या सहीने होतं. रिपीटरलासुद्धा तिथेच यावं लागतं.

रविंद्र सर खिरणीच्या खुंटावर चिकूचं कलम बांधत होते. संगिताला या विषयाकडे ओढणारे तेच. तिच्या बापाची समजूत घालायला तीनदा पाड्यावर गेलेले तेच. मला बघून त्यांनी सुतळी दातांत धरली.

"सर, प्रात्यक्षिकाचं रजिस्टर बघू?"

"कशाला?"

"मोजायचंय."

"सात आहेत," ते म्हणाले. सुतळी अजून दातांतच.

"मग आठवी जानी कुठून आली? यादीवर विषय शिक्षक म्हणून तुमची सही आहे."

ते खूप वेळ गाठ मारत राहिले. एवढी घट्ट गाठ कलमाला लागत नाही.

"मला माहीत होतं," शेवटी म्हणाले. "सर्वोच्च एकशे त्र्याण्णव बघितलं तेव्हाच कळलं की हा आकडा माझ्या वर्गाचा नाही. बाई, संस्थेने मार्चमध्ये पत्र दिलंय. सात मुलांचा विषय परवडत नाही, निकाल दाखवा नाहीतर वर्ग बंद. माझी नेमणूक वर्षावर्षाची. आणि अचानक कागदावर एकशे त्र्याण्णव! विश्वस्तांनी मला फोन करून शाबासकी दिली. आयुष्यात पहिल्यांदा."

"आणि संगिता?"

"मला वाटलं तरी ती पहिलीच येईल. मी मांडून नाही बघितलं."

"सर, तुम्ही तिला रोज सांगायचात, मांडून बघितल्याशिवाय बोलू नये."

त्यांनी मान खाली घातली. मला त्यांचा राग यायला हवा होता, आला पण. पण राग करायलासुद्धा वेळ लागतो आणि बारकीने एव्हाना किंचाळायला सुरुवात केली होती.

मी निघाले तसे ते मागून म्हणाले, "पण ते मार्क मी घातले नाहीत. आईची शपथ. कुठून आले, मला खरंच माहीत नाही."

आणि वाईट म्हणजे, मला ते खरं वाटलं.

५

शनिवार. संगिताचे सकाळपासून तीन मिस्ड कॉल. आणि आज बारकीच्या लसीची तारीख. ती चुकवता येत नाही.

रांगेत बसून मी डोक्यात एकेकाला उभं करत होते. गोविंदराव? खोटं नाव घालायचं असतं तर स्वतःच्याच वाडीतल्या मुलीचं कशाला घालतील, तेही ती हाकेच्या अंतरावर असताना? रविंद्र सर? ते गप्प बसणारे, लिहिणारे नव्हेत. उमेशभाऊ? उद्धट खरे. पण त्यांना यात काय मिळणार? शिवाय खोटा आकडा करायचाच तर माणूस एकशे सत्तर करील, लोकांच्या डोळ्यांत न येणारा. एकशे त्र्याण्णव हा ऐटीत आलेला आकडा होता. खऱ्या आकड्याची ऐट.

म्हणजे कुणीतरी ते खरोखर मिळवले होते.

"जानी!" आतून नर्सबाईंनी पुकारलं. "जानी कोण आहे?"

माझ्या शेजारची बाई उठायला लागली. पाड्यावरची, मांडीवर तान्हं मूल. तेवढ्यात समोरच्या बाकावरून दुसरी उठली, बांधणीची ओढणी घेतलेली.

"जानी हेतल?" नर्सबाईंनी कागद बघत विचारलं.

"हां, हुं ज. मीच."

"मंग मला कशाला उठवलं?" माझ्या शेजारची हसत खाली बसली. "माझं बी नाव जानीच. पण माझं आडनाव कोम. कोम म्हनून बोलवतात हितं."

सगळी रांग हसली. मी हसले नाही. मी बारकीचं कार्ड बघत होते. त्यावरही आडनाव आधी, नाव मागून. संस्थेच्या यादीतही तसंच. चुरी ऋचा. धोडी संगिता.

मग वरठा जानी "जानी" या नावाने कागदावर आलीच कशी?

तिचं नाव "व"मध्ये असायला हवं होतं. "जा"मध्ये जे कोणी होतं, त्याचं ते नाव नव्हतंच. आडनाव होतं.

आणि आशागडची ती दुकानाची पाटी डोळ्यांपुढे आली. झिजलेल्या पहिल्या अक्षरासकट.

"बाई, मांडी घट्ट धरा पोरीची," नर्सबाई म्हणाल्या. सुई टोचली. बारकीच्या आधी माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

६

अडीच वाजता मी आशागडच्या ऑफिसात होते. गोविंदराव आधीच येऊन बसले होते. मी नव्हतं बोलावलं, ते स्वतःहून आले होते. सोबत ऋचा. संगिता दाराजवळ, चप्पल बाहेर काढून. उमेशभाऊ जव्हारहून परतले होते आणि घाम पुसत होते. रस्त्यापलीकडून मी ऋषभला हाताला धरून आणलं होतं.

"ऋषभ, तुझं पूर्ण नाव सांग."

"जानी ऋषभ भरतभाई."

उमेशभाऊंचा रुमाल कपाळावरच थांबला.

"इलेक्ट्रॉनिक्समध्ये किती?"

त्याने मार्कशीट टेबलावर ठेवली. दोनशेपैकी एकशे त्र्याण्णव.

"आता शीट काढा, उमेशभाऊ. डहाणूचं."

या वेळी कॉन्फिडेन्शियल कोणी म्हणालं नाही. गोविंदरावांनीच हात पुढे केला. तळासरीचं शीट मराठीत होतं, आडनाव, नाव, बापाचं नाव सगळं पूर्ण. आणि रिपीटर असेल तर शेवटी इंग्रजी आर. डहाणूचं शीट इंग्रजीत. तिथल्या बाई आडनाव लिहितात आणि पुढे नावाचं नुसतं पहिलं अक्षर. एका ओळीत होतं: जे, ए, एन, आय, आणि पुढे आर. विषयाच्या रकान्यात विषयाचं नाव नाही, फक्त "व्होकेशनल, दोनशे", क्रॉप सायन्स आणि इलेक्ट्रॉनिक्स दोन्हींना चालणारं. आणि मार्क.

"तुम्ही तळासरीच्या सवयीने वाचलंत," मी म्हटलं. "ऋषभचा आर तुम्हाला रिपीटरचा वाटला. जानी, रिपीटर. तुम्हाला माहीत असलेली जानी एकच, पाड्यावरची. तिचा विषय क्रॉप सायन्स. आता राहते चिखल्याला, डहाणूच्या बाजूला, म्हणजे डहाणूहून बसली असेल. झालं. इलेक्ट्रॉनिक्सचे मार्क उचलून क्रॉप सायन्सवर बांधले. एका आकड्याने दोघं गेली. ऋषभ रिपीटर म्हणून यादीतून उडाला आणि संगिता खाली आली."

"मॅडम, एवढ्या शेकड्याने नावं... एखादी नजरचूक..."

"नजरचूक नाही," दारातून संगिता म्हणाली. ऑफिसात ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होती. "तुम्ही आमच्या पोरींची आडनावं वाचतच नाय, भाऊ. आडनाव बघितलं असतं तर चूक झालीच नसती."

उमेशभाऊंनी रुमाल खिशात कोंबला.

मी कागदावर मांडायला घेतलं. एक गोष्ट मी रिक्षातसुद्धा मांडून बघायची टाळली होती. ऋषभ यादीत परत आला तर त्याच्या विषयात तोही पहिला, त्यालाही शंभर. सत्य बाहेर काढून मी संगिताची जागा तिसऱ्याच्याच हातात तर देत नव्हते? रसायन चौसष्ट, म्हणजे ऐंशी. इंग्रजी त्रेसष्ट, म्हणजे पंचाहत्तर. आणि शंभर. दोनशे पंचावन्न.

संगिता दोनशे त्र्याऐंशी पूर्णांक तेहतीस. ऋचा दोनशे सत्तर पूर्णांक चोपन्न. ऋषभ तिसरा.

"तिसरा पण चालेल," ऋषभ म्हणाला. "नाव तर आलं!"

गोविंदरावांनी कागद ऋचाकडे सरकवला. तिने एकेक भागाकार तपासला, चष्मा वर करून, आणि म्हणाली, "बरोबर आहे, आबा." मग संगिताकडे न बघता, "पण नियम लंगडाच आहे. पुढच्या वर्षी बदला."

"बदलूया," गोविंदराव म्हणाले आणि सुधारित यादीवर सही केली. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. संगिताने पेन घेतलं, आणि सही करायच्या जागी सहीऐवजी मोठ्या अक्षरांत पूर्ण नाव लिहिलं. धोडी संगिता रघ्या. ओळीत मावलं नाही, तरी लिहिलं.

सोमवारी सहाला कंपनीची गाडी आली आणि रिकामीच गेली.

आनंद झाला का? झाला. पण चार दिवसच टिकला. नव्या यादीत क्रॉप सायन्सचा सर्वोच्च गुण पुन्हा एकशे अडुसष्ट दिसला. संस्थेने तो वाचला, सात हा आकडाही वाचला आणि अकरावीला तो विषय द्यायचा नाही असं ठरवलं. विषय बंद पडला तो खोट्याने नाही, मी खरं बाहेर काढलं म्हणून. रविंद्र सरांना उरलेल्या बारावीच्या वर्गापुरतं एक वर्ष मिळालं. उमेशभाऊंना एक पत्र मिळालं आणि ते अजून त्याच खुर्चीत आहेत. कधीकधी भांडी घासता घासता माझा जीव नुसता चडफडतो. एका पोरीचं दार उघडलं, तर मागून येणाऱ्यांचं बंद झालं, आणि दोन्ही दारांवर हात माझाच.

ऑक्टोबरात एका दुपारी कडी वाजली. बारकी जागीच होती, रांगत दारापर्यंत गेली. बाहेर जानी, हातात चिकूची पिशवी.

"आईचा पाय बरा झाला," ती म्हणाली. खाली बसली, बारकीला मांडीवर घेतलं, आणि बराच वेळ तिच्या बोटांशी खेळत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही बोललात ना, जानी पहिली. खोटं होतं, पन दोन मिन्टं लय बरं वाटलेलं."

तिने पिशवीतून घडी घातलेला परीक्षेचा फॉर्म काढला.

"फॉर्म भरून द्याल काय? गोविंदराव काका म्हनाले, परीक्षेपुरती सुट्टी देतो. आन रविंद्र सरांना भेटून आले मी. ते बोलले, सगळी प्रात्यक्षिकं पहिल्यापासून करून घेईन, एक पन सोडणार नाय, मगच सही."

मी टेबल पुसलं. फॉर्म पुढे ओढला. आधी आडनाव, मग नाव, मग बापाचं नाव. वरठा जानी लक्ष्या. ती वाकून एकेक अक्षर बघत होती. विषयाच्या ओळीत क्रॉप सायन्स लिहिलं, यंदा शेवटचं. मग उमेदवाराच्या प्रकाराची चौकट आली आणि मी तिच्यात एक अक्षर लिहिलं.

"हा आर कसला, मॅडम?"

"रिपीटर. परत बसणारी."

जानीने बारकीचा हात धरून त्या चौकटीवर अलगद ठेवला.

"मंग ऱ्हाऊद्या," ती म्हणाली. "हा माझाच हाय."